सिंथेटिक ऑइल आणि धानोऱ्याकडचा चढ

वडसा, एप्रिल

आदरणीय मोहसीनभाई यांना मन्सूरचा सलाम.

इकडे आम्ही दोघं अल्लाच्या मेहेरबानीने बरे आहोत (बरे म्हणजे किती बरे, ते पुढे कळेलच). तुमच्या गुडघ्याचं कसं आहे? भाभीजान अजून तुम्हाला दुकानापर्यंत पायी पाठवतात का? पाठवत असतील तर बरोबरच करतात. चंद्रपूरच्या उन्हात तुम्ही ऑइल-स्पेअरपार्टच्या काउंटरमागे पंख्याखाली बसून जे वजन वाढवलंय, ते कमी करायला दुसरा उपाय नाही. पत्र अशासाठी, की फोनवर सांगायला घेतलं तर आधी लाइन गेली आणि पुन्हा लागली तेव्हा तुम्ही हसलात. पत्र वाचून हसलात तरी मला ऐकू येणार नाही.

तर विषय असा, की ईदला तुम्ही आमच्या जुन्या जीपमध्ये स्वतःच्या हाताने ते सिंथेटिक ऑइल ओतून गेलात. ओतताना तुमचा चेहरा असा होता, जणू आजारी म्हाताऱ्याला बदामाचं दूध पाजताय. ताबिश मिस्त्रीने तेव्हाच नको म्हटलं होतं (तुम्ही शीरखुर्म्यात होता, ऐकलं नसेल). त्याचं म्हणणं एवढंच होतं, की एवढ्या जुन्या इंजिनाची रबरी सीलं कडक झालेली असतात आणि त्यांच्या फटी वर्षानुवर्षांच्या काळ्या गाळानेच बुजलेल्या असतात. तुमचं पातळ ऑइल तो गाळ धुऊन काढणार आणि मग त्याच वाटेने स्वतःही बाहेर पडणार. ‘याले साधं घट्ट ऑइलच पचते,’ म्हणाला. तुम्ही म्हणालात, सिंथेटिकने इंजिन थंड राहतं, झीज कमी होते, आवाज जातो. मी तुमच्या बहिणीचा नवरा. मला मत असतं कुठे?

आणि आवाज गेला, हे कबूल करतो. पहिले काही दिवस तुम्हाला दुवा देत फिरलो. गाडीला हॉर्नशिवाय दुसरा आवाज नाही, अशी गाडी मी पहिल्यांदाच चालवत होतो. इंडिकेटर टिकटिक करतो हे मला नव्याने समजलं. शमसुन्निसा एवढी वर्षं शेजारी बसून काय बोलत होती, तेही समजलं (मी नुसती मान हलवत आलो होतो. त्यात मी कशाकशाला होकार देऊन बसलोय, तो वेगळ्या पत्राचा विषय आहे).

मागच्या आठवड्यात आम्ही दोघं धानोऱ्याला हिरडा आणायला गेलो. हिरड्याची पारख तिची, हमाली माझी. परतताना दुपार कलली होती. जंगलातल्या आतल्या रस्त्याने, मागे पोत्यांची थप्पी. तुम्हाला तो चढ आठवत असेल, ज्याच्या माथ्यावर तलावाची पाळ आहे आणि सोमाजी ढिवराची झोपडी आहे. त्याच चढावर नव्या नव्या पिकअपना धाप लागते आणि माझी म्हातारी भरल्या पोत्यांनिशी सरळ वर जाते, हे मी तुम्हाला आणि अख्ख्या वडशाला किती वेळा सांगितलंय! चढ लागला, पहिला गियर टाकला, गाडी माणसाच्या चालीने सरकू लागली. तेवढ्यात शमसुन्निसा म्हणाली, “अजी, मागं कोनी चालून राह्यलं का?”

एप्रिलचं जंगल तुम्ही पाहिलंय. झाडावर पान नाही, सगळी पानं खाली. सागाचा तो पाचोळा पापडासारखा वाजतो. मलाही ऐकू आलं. गाडीच्या मागे, अगदी जवळ, पाचोळ्यावर पाऊल पडत होतं. दोन पायांचं होतं (चार पायांचं असतं तर मला जास्त बरं वाटलं असतं, वाघाची आपल्याला सवय आहे). आरशात पाहिलं, रस्ता रिकामा. ब्रेक दाबला, पाऊल थांबलं. ब्रेक सोडला, पाऊल चालू. मी म्हटलं, माकड असेल. ती म्हणाली, माकड ब्रेक मारते का? बला टळावी म्हणून मी आयतुल कुर्सी म्हणायला लागलो आणि मधेच विसरलो. पुढचं तिने म्हटलं.

आणि नेमका तिथेच डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लागला. इंजिन बंद करून, हँडब्रेक ओढून खाली वाकून पाहतो तर तुमचं किमती सिंथेटिक मागच्या सीलमधून टपटप गळतंय. ताबिशचा शब्द खरा. तसंच चालवलं असतं तर इंजिन जाम होऊन बसलं असतं, आणि ही जीप गेली तर आमचा धंदा गेला, हे तुम्ही जाणता. माथा फार लांब नव्हता. म्हटलं, ढकलून बघू. शमसुन्निसाने स्टिअरिंग धरलं (तिला चालवता येत नाही, पण धरते छान), हँडब्रेक सोडला आणि मी मागून खांदा लावला.

भाई, गाडी निघाली. चढावर. पोती न उतरवता. हातगाडी ढकलावी तशी. मला स्वतःचा एवढा अभिमान वाटला, की भीतीच विसरलो. आतून ती ओरडली, “बाप्पा, एवढा जोर कुठून आला तुमाले!” मी अजून नेट लावला, त्यात माझ्या चपलेचा अंगठा तुटला. चप्पल उचलायला मी थांबलो, वाकलो, चप्पल हातात घेतली आणि वर पाहिलं.

गाडी चाललीच होती.

मी इकडे, हातात चप्पल. गाडी तिकडे, वर जातेय. आणि माझ्या आणि गाडीच्या मधल्या जागेत पाचोळा दबत होता. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. पान दबायचं, कुरकुरायचं, मग हळूच परत वर यायचं. मला ओरडायचं होतं, पण ओरडलो आणि त्याने गाडी सोडली तर? आत शमसुन्निसा. म्हणून मी तोंड दाबून, एका पायात चप्पल घालून, बाजूबाजूने चालत राहिलो. आयुष्यात मी एवढ्या अदबीने कुणाच्या मागे चाललो नाही, माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे तुमच्या अब्बांच्याही नाही.

माथ्यावर मैनाबाई, म्हणजे सोमाजीची बायको, पाळीवर झिंगे वाळत घालत होती. गाडी सपाटीला लागून थांबली. पाचोळा मागे वळला आणि सावकाश उतार उतरत गेला, तो आम्ही तिघांनीही ऐकला. मैनाबाई झिंगे पसरतच म्हणाली, “आज काऊन तुमी खाली उतरले, मन्सूरभाऊ? रोज तर थो एकटाच ढकलते.”

“कोन थो?” मी विचारलं.

“आमाले का मालूम! तुमची गाडी आली का मांगून पाला हालत येते. लय वर्सं झाले. आमाले वाटे, तुमचाच मानूस आहे.” मग माझ्या तोंडाकडे पाहून तिने हातातलं सूप खाली ठेवलं. “तुमाले नाई मालूम?”

वडशाच्या चौकात मी इंजिनाच्या ताकदीच्या ज्या बढाया मारल्या, त्या सगळ्या एकामागून एक आठवल्या. शमसुन्निसाने मात्र उताराकडे तोंड केलं, डोक्यावरचा पदर नीट केला आणि सलाम केला. एवढी वर्षं कोणी आपलं काम करतं आणि आपण त्याला ओळखतही नाही, याची तिला लाज वाटली म्हणे. मला फक्त भीती वाटली.

सोमाजीच्या पंपासाठी ठेवलेलं साधं ऑइल ओतून आम्ही घरी आलो. ताबिशने राहिलेलं सिंथेटिक काढून टाकलं, साधं घट्ट भरलं. गळती कमी झाली, आवाज परत आला. तेव्हा तुमचा हेतू चांगला होता, पण जुन्या इंजिनाला जुनंच ऑइल, हा माझा अखेरचा निर्णय समजावा. भाभीजानना सलाम, मुलांना प्यार.

तुमचा,
मन्सूर

ता. क. परवा साधं ऑइल घालून त्याच चढाने हिरडा आणला. गाडीचा एवढा खडखडाट, की पाऊल आहे की नाही काही कळेना. आधी ऐकू येत होतं तेव्हा निदान तो कुठे आहे ते समजत होतं. परवा तो मला सगळीकडे वाटला. वर पोचेपर्यंत अंगरखा भिजला. म्हणून मूळ विनंती अशी, की सिंथेटिकचे दोन डबे आणि मागचं नवीन सील लगेच पाठवावं. सील आधी बसवू, मग ऑइल ओतू. ताबिशला यातलं काही सांगू नये.

ता. क. दुसरा. शमसुन्निसा आता मला चार पोती कमी भरायला लावते. तुम्ही पावसाआधी इकडे याल तेव्हा दिवसाच या. तुमची गाडी नवी आहे, तिला चढावर कुणाची गरज नाही, हे मला ठाऊक आहे. तरी तिथे घाई करू नका. त्याने हात लावलाच, तर लावू द्या.