उजवा बूट

३ जानेवारी
ती. दादा व वहिनी यांस शि. सा. न. वि. वि.
दादासाठी बूट पाठवतो आहे. चामडं कापलं मी, शिवलं मी. तळवा कोरून आत थरथरणारी मोटर बसवली, तिची तारही हातानंच गुंडाळली. पुढे भिंत, खांब ओळखणारा भाग तेवढा विकतचा, हे कबूल करतो. उजवीकडे अडथळा आला की उजवा बूट थरथरेल, डावीकडे आला की डावा. साखरेनं दादाचे डोळे नेले, पण आता कुणाचा हात धरायला नको. खोटं कौतुक नको. लोभ असू द्या, तक्रारही कळवा.
तुमचा दहावी नापास

२० जानेवारी
चि. भाऊजींस अ. उ. आ.
हे परवा एकटे न्हाव्याकडे जाऊन आले. भेटेल त्याच्यापुढे पाय करतात, धाकट्यानं केलाय म्हणतात. लहान पोर इतकं मिरवणार नाही. एकच सांगते. काल बघितलं तर उजव्या बुटाची बॅटरी कधीचीच संपलेली. यांना विचारलं तर म्हणाले, छान थरथरतो की. चालू-बंद कळू नये इतकी थरथर कमी पडते का हो? तब्येतीला जपा, आमच्यावर माया आहे ती राहू द्या.
वहिनी

२ फेब्रुवारी
ती. वहिनींस शि. सा. न. वि. वि.
माझ्या कामात अशी खोट निघत नाही. तरी दादासाठी उजवा बूट नव्यानं करून पाठवतो आहे, मोटर दुप्पट ताकदीची. मधला मऊ थर काढून पितळी पट्टी थेट पायाला लागेल अशी बसवली आहे. मोजे घालू देऊ नका. आता मेलेला माणूससुद्धा दचकेल. दादाला नमस्कार, तुमचा लोभ गृहीत धरतो.
धाकटा

१७ मार्च
चि. भाऊजींस अ. उ. आ.
दवाखान्यात होतो, म्हणून उशीर. पट्टीच्या कडेनं टाच सोलली. जखम सडली तरी यांना पत्ता नाही. वास आधी मला आला. उजवा पाय घोट्याच्या वर कापला. डॉक्टरांनी टोचून बघितलं तेव्हा कुठे हे बोलले, पायांची जाणीव डोळ्यांच्याही आधी गेली होती. तुमचा बूट एकदाही कळला नाही. भिंतीला हात लावत जात होते. मी चिडले, तर म्हणाले, त्यानं इतकं निगुतीनं केलंय, त्याला कसं सांगायचं. तुमच्यावर राग नाही असं लिही म्हणतात. ते त्यांचं झालं. माझं मी नंतर लिहीन.
वहिनी

२९ मार्च
ती. वहिनींस शि. सा. न. वि. वि.
मोजे नकोत, हे मीच लिहिलं होतं. दादाला जाणीव आहे का, एवढं विचारायचं मात्र राहिलं. आता बुटाऐवजी थरथरणारा पट्टा खांद्यावर बांधायचा विचार आहे. खांद्याला कळतं का ते त्याला विचारा, आणि माझं मन न राखता सांगायला लावा. लोभ मागत नाही.
धाकटा

ता. क. काल एका कंपनीचे साहेब बूट विकत घ्यायला आले होते. साखरेनं डोळे गेलेल्यांच्या पायांचं काय, असं मी विचारलं. खोक्यावर सूचना छापू म्हणाले. आंधळ्यांसाठी छापणार. दादाला कळवू नका, हळहळेल. साडेसहा लाख देत होते. नाही म्हणालो.