सुपाची थाप

बेंगळुरू,
६ एप्रिल २००५

तीर्थस्वरूप मायले,
लोकेंद्रचा दुरूनच पायावर डोकं ठेवून नमस्कार.

मी बरा आहो. जेवण वेळेवर भेटते. बाबूजीचा गुडघा आता कसा आहे?

माय, दिवाळीत गावी कामठ्याला तू धान पाखडत होतीस तेव्हा मी व्हिडिओ काढला होता ना, तो इथं कामात आला. आम्ही कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टीम अशी बनवून राहिलो, की बाकीची कामं थांबली तरी चालतील, पण चित्र अन् आवाज ठरल्या वेळीच आले पाहिजेत. आधी तुह्या सुपाची थाप हात खाली येऊन गेल्यावर, उशिरा ऐकू येत होती. चार महिने खपलो, तेव्हा दोन्ही जुळलं.

सोमवारी मोठ्या साहेबांना ते दाखवलं. पडद्यावर तू आपल्या धाकट्या ओमेश्वरीवर ओरडत होतीस, "काऊन उभी राहिली वं, कोंबड्या हाकल!" सगळे हसले. साहेबांनी विचारलं, "ये औरत कौन है?"

मी म्हणालो, "गाव की कोई होगी."

तू तिथं बोलतच होतीस, माय. माझ्यानं वर पाहवलं नाही.

आज सकाळी साहेबांच्या खोलीत जाऊन सांगितलं, "सर, वो मेरी माँ है." ते म्हणाले, "तो उस दिन क्यों नहीं बोला?"

ओमेश्वरी, मायले वाचून दाखवताना हे गाळू नको. ऐकून ती काय म्हणते, ते जसंच्या तसं लिही. शिव्या दिल्या तरी लिही.

तुमचाच,
लोकेंद्र