आमच्या आयडेलाताईवरचं पुस्तक

तीर्थरूप व्हर्लीनआत्यास,

थरमनचा, कंबर परवानगी देते तेवढं वाकून, नमस्कार. आमचे बाबा गेल्यावर इथून गेलीस ती गेलीसच; डेट्रॉइटच्या थंडीत तुझे गुडघे कसे आहेत? इकडे मेम्फिसला आम्ही सगळे ठीक आहोत. (ज्यूएल म्हणते, माझं वजन वाढलंय. ती माझी बायको आहे, तिला तसं म्हणावंच लागतं.)

आयडेलाताईवरचं ते पुस्तक एव्हाना तुझ्याही कानावर आलं असेल. आपल्याच घरातल्या बाईचं चरित्र कुणा परक्या पोराने लिहावं, आणि तेही आपली बाई हयात, धडधाकट आणि तोंडाने तिखट असताना, याला काय म्हणावं? त्यात दोन्ही नवऱ्यांची भांडणं आहेत, गाण्याच्या दौऱ्यांवरचे राडे आहेत, आणि अटलांटात तिने मॅनेजरच्या अंगावर तळलेला मासा फेकला तेही आहे. मी भीत भीत ताईला विचारलं, तर म्हणाली, "साफ खोटं. मासा चांगला झाला होता, तो मी खाल्ला. फेकली ती कोबीची कोशिंबीर."

पण आपलं चर्च पेटलं ते बाबांवरून. (पंचवीस वर्षं ज्यांची प्रवचनं ऐकली त्या रेव्हरंड क्रचरना पुस्तकात ढोंगी म्हटलंय म्हटल्यावर पेटणारच.) भगिनी मंडळाने ठरवलं की पुस्तक कुणाच्या हाती पडू नये म्हणून दुकानातल्या सगळ्या प्रती आपणच विकत घ्यायच्या. चर्चचा सेक्रेटरी म्हणून मला पाठवलं. मी दोन खोकी भरून आणली, आणि पुढच्याच आठवड्यात दुकानदाराने काचेवर पाटी लावली: 'प्रचंड मागणी, नवा साठा आला आहे.' खोकी जाळायला काढली तर निम्मी रिकामी. प्रत्येक भगिनीने एकेक प्रत 'पुरावा म्हणून' घरी नेली होती. ज्यूएलची उशीखाली आहे.

मग कळलं की लेखक स्वतः त्या दुकानात वाचन करायला येणार. ताई म्हणाली, "मी जाणार." तिच्या मागे सगळं चर्च निघालं, आणि हाणामारीची वेळ आलीच तर कोट पटकन काढता यावा म्हणून मी बटणं उघडीच ठेवून गेलो. लेखक म्हणजे नुसता बांबू गं, आत्या. जांभळी हॅट घातलेली आयडेला क्रचर पहिल्या रांगेत बसलेली पाहून त्याच्या हातातलं पाणी सांडलं. ताई म्हणाली, "बाळा, माझ्या बाबांचं पान वाच."

त्याने वाचलं. रविवारी वेदीवरून पोरीच्या गाण्यांना सैतानाची गाणी म्हणणारे, तिच्याशी शेवटपर्यंत एक शब्द न बोललेले रेव्हरंड, दर गुरुवारी टायरच्या दुकानामागे गाडी उभी करायचे. काचा वर घ्यायचे, रेडिओ लावायचे, आणि तिचं गाणं संपेपर्यंत हलायचे नाहीत. संपलं की घसा खाकरून आजाऱ्यांकडे प्रार्थनेला जायचे.

सगळे उठून ओरडायला लागले, मीही. ताई मागे न बघता म्हणाली, "खाली बसा सगळे. थरमन, तूसुद्धा." मग त्या पोराला म्हणाली, "पुन्हा वाच." त्याने वाचलं.

"काचा वर होत्या?"

"हो, मॅडम. उन्हाळ्यातसुद्धा."

"त्यांना दमा होता," ताई म्हणाली. चारचौघांत हॅट न काढणाऱ्या बाईने हॅट काढून मांडीवर घेतली, आणि ती रडायला लागली. मी माझा रुमाल दिला. (तो स्वच्छ नव्हता, पण तिने पाहिलं नाही.) जाताना तिने त्या पोराच्या प्रतीवर सही केली, आणि खाली लिहिलं: 'कोशिंबीर होती.'

हे सगळं त्याला कुणी सांगितलं, ते काही तो सांगेना. म्हणे, गाडीत शेजारी बसणाऱ्या बाईंना शब्द दिलाय. चर्चमध्ये त्या बाईचा शोध जोरात चालू आहे.

तुझा भाचा,
थरमन

ता. क. शोध घेणाऱ्यांना एवढंही आठवत नाही की आई गेल्यावर बाबांबरोबर आजाऱ्यांकडे कोण जायचं. मला आठवतं. ताईलाही आठवतं. मी गप्प आहे.

ता. क. २. भगिनी मंडळाने पुस्तकाच्या निषेधाचा ठराव केलाय, त्याची प्रत तुला टपालाने येईल. सही माझीच आहे. मनावर घेऊ नकोस. लेखकाला आम्ही रविवारी जेवायला बोलावलंय, फारच वाळलाय.

ता. क. ३. खरं तर ताईने मला एकच ओळ लिहायला सांगितली होती, बाकीचं हे सगळं माझं. ती विचारते, गाणं चालू असताना बाबांचा पाय हलायचा का? पुस्तकात ते नाही. तेवढं कळव, नाहीतर सरळ बसमध्ये बस आणि येऊन सांग. ती रागावलेली नाही. फोन वाजला की धावत जाते, आणि दुसरंच कुणी निघालं की माझ्यावर ओरडते.