वाढत्या अंगाचं

ता. २ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पाहून तू आधी म्हणशील, फोन का नाही केला. फोनवर तुझ्या शिलाई मशीनचा खडखडाट जास्त आणि तू कमी ऐकू येतेस, म्हणून. बातमी अशी की मी होडी घेतली. हसू नकोस. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळं दुरुस्त केली, आता जरा लांबचं बघावं म्हटलं. जुनीच आहे, वल्ह्यांची, तिघं आरामात बसतील एवढी. तळं घरापासून दहा मिनिटांवर. सुट्टीत तू नातीला, भिंगरीला, घेऊन येशील तेव्हा तिला फिरवायचा बेत आहे.

पण घोडं अडलंय लाइफ जॅकेटवर. होड्यांच्या सामानाच्या दुकानात गेलो, तर तिथल्या बाईंनी चार तऱ्हेची पुढ्यात टाकली. एक फोमचं, एक पाण्यात पडलं की आपोआप फुगणारं, एक फक्त पोहता येणाऱ्यांसाठी आणि एक बेशुद्ध माणसालाही उताणं करणारं. त्यांच्यावर आकडे, पन्नास, शंभर, दीडशे. मला वाटलं छातीचं माप. बाई म्हणाल्या, तो तरंगवण्याचा जोर. मग माप कुठे विचारलं, तर म्हणाल्या वजन सांगा. कपडा वजनावर घेतात हे मी जन्मात ऐकलं नव्हतं! त्यात शिट्टी, दोर बांधलेलं फेकायचं कडं, पाणी उपसायचं भांडं. डोकं गरगरलं आणि हात हलवत परत आलो.

तू पन्नास वर्षं कपडे शिवतेस, तूच सांग काय घेऊ. भिंगरीचं वजन कळव आणि तुझंही, कारण तुलाही होडीत बसवणार आहे.

बाकी ठीक. राग दोन दिवस, लोभ कायम, असं असू दे.

तुझा धाकटा


ता. ७ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

साठीनंतर लोक गुडघ्यांना तेल चोळतात, तू वल्ही घेतलीस. धन्य आहे तुझी! भिंगरीच्या आईने नोकरीच्या गावी जाताना पोर माझ्या हाती सोपवली आहे. तिला काही झालं तर मी लेकीला कुठल्या तोंडाने सांगू? तेव्हा तिने होडीत पाय ठेवायचा की नाही, ते तुझं सामान बघून मी ठरवीन. आत्ताच उड्या मारू नकोस.

तुझे आकडे चारदा वाचले, मला काडीचं कळलं नाही. शंभराचा जोर एवढ्याशा पोरीला लावला तर ती उडून नाही का जाणार? हे त्या बाईंना विचार. मला जे कळतं ते लिहिते. छाती तेवीस इंच, वजन शाळेच्या कार्डावर बावीस किलो. पण पोरांचा कपडा घ्यावा तो वाढत्या अंगाचा, चार बोटं सैल, म्हणजे तीन वर्षं बघायला नको. एक माप मोठंच घे. रंग मळखाऊ बघ, खाकी किंवा शेवाळी, तळ्याकाठी चिखल असणार. आणि फुगणारं काही नको. फुगा कधी दगा देईल याचा नेम नाही.

माझ्या वजनाशी तुला काय करायचंय? मी काठावर बसून विणकाम करणार आहे.

आशीर्वाद भरपूर आहेत, अक्कल तेवढी तुझी तू आण.

ताई


ता. १६ मार्च

ती. ताईस,
सा. न.

मळखाऊ म्हटल्यावर दुकानातल्या बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. पाण्यात पडलेलं माणूस लांबून दिसलं पाहिजे, चिखलाच्या रंगाचं माणूस शोधायचं कुठे, असं विचारलं त्यांनी. म्हणून नारिंगी घेतलं. जोराने कुणी उडत नाही म्हणे, नुसतं वर राहतं, आणि पोहता न येणाऱ्याला शंभर तरी हवाच. पन्नासवाला कुणासाठी, ते त्यांनी दोनदा समजावलं. दोन्ही वेळा समजलं आणि दोन्ही वेळा घरी येईपर्यंत विसरलो.

मापाचं मात्र तुझं ऐकलं. बाई म्हणत होत्या, बावीस किलोची मुलगी आहे तर वीस ते तीसवालं घ्या. मी मान डोलावली आणि तीस ते चाळीसवालं उचललं. माझी शाळेची पँट आठवते ना? पहिल्या वर्षी तळाशी तीन दुमडी, आणि अंगाला बसायला लागली तेव्हा गुडघ्याला ठिगळ. पण चार इयत्ता टिकली.

फुगणारं मी स्वतःसाठी घेतलं, तुझं न ऐकता, आणि लगेच फळ मिळालं. कसं वाटतं बघावं म्हणून ते घालून होडी धूत होतो. पाइपचं पाणी अंगावर उडालं आणि फस्सकन फुगलं. मान अशी अडकली की खाली बघता येईना, आणि ते सोडवायचं कसं, ते नेमकं पोटावर लिहिलेलं. शेवटी शेजाऱ्याने वाचून दाखवलं.

भिंगरीचं पार्सलने पाठवतोय. बाईंनी सांगितलंय की पट्टे आवळून खांद्यांशी धरून उचलायचं, जॅकेट हनुवटीवर सरकता कामा नये. हे कशासाठी, ते मला नीट उमगलं नाही. तू बघ.

पत्राची वाट बघतो. शिव्या असल्या तरी चालतील, प्रेमाने घाल.

धाकटा


ता. २४ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

पार्सल पोचलं. आधी मी खूश झाले, चांगलं ऐसपैस होतं. पट्टे शेवटपर्यंत ओढले तरी सैल राहत होतं, म्हणून जाड सुई घेऊन कडेला दोन टिपा घातल्या, फोममधून आरपार. मग तुझं पत्र परत वाचलं. भिंगरीला समोर उभं केलं आणि जॅकेट खांद्यांशी धरून उचललं. जॅकेट वर आलं, पोर आली नाही. अभ्र्यातून उशी निसटावी तशी ती खाली राहिली. तोंड, नाक, डोळे, सगळं त्या नारिंगी फोमच्या आत गेलं. ती आत खिदळत होती आणि मी जमिनीवर बसकण मारली.

धाकट्या, पोर वाढायला तीन वर्षं घेईल. पाणी तेवढं थांबणार आहे का? मी काय सांगून बसले होते तुला! पन्नास वर्षं माप घेताना कापड वाया जाऊ नये एवढंच बघत आले, आणि तीच सवय या पोरीच्या गळ्यात घातली.

मला भीती वाटते. भिंगरीला होडीत बसवायचं नाही. तिला हे अजून सांगितलेलं नाही. ती रोज ते जॅकेट घालून जेवायला बसते.

ताई


ता. ३० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चूक तुझ्या एकटीची नाही. तू न बघता सांगितलंस, मी तर दुकानात उभा होतो. बाईंनी बजावलं होतं, तरी जन्मभराच्या सवयीने तुझंच ऐकलं. लाज वाटली, पण दुकानात जाऊन सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, सुईची भोकं पडली, आता त्या जॅकेटवर भरवसा ठेवू नका. तेव्हा ते कापून टाक, म्हणजे चुकूनही कुणी घालणार नाही. तुझ्या हाताला कापवणार नाही हे मला ठाऊक आहे, तरी काप.

दुसरं पाठवतोय. वीस ते तीस किलोचं, शंभराचं, मानेमागे उशीसारखी कॉलर, पायांमधून घ्यायचा पट्टा, बंदाला शिट्टी. याला सुई दाखवूसुद्धा नकोस. उचलून बघ आणि तूच ठरव. नको म्हणालीस तर होडी काठावर उपडी घालून ठेवीन, कुरकुर करणार नाही.

फक्त एक. मी वल्ही मारणार, मग तिच्याजवळ बसायला कुणीतरी हवं. ती जागा तुझी. आणि बाईंचा नियम आता माझाही आहे, अंगात जॅकेट नाही तर होडीत पाय नाही. म्हणून पुन्हा विचारतो, तुझं वजन किती?

धाकटा


ता. ५ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

जुनं कापलं. कात्री चालेना, पण कापलं. नवं भिंगरीला घालून पाच वेळा उचललं. पाचही वेळा जॅकेटबरोबर पोरही वर आली आणि हनुवटी जागच्या जागी राहिली. सहाव्यांदा तिनेच हट्ट केला. शिट्टी मात्र मी काढून ठेवली आहे, शेजारी तक्रार घेऊन आले होते. होडीत बसण्याआधी परत बांधीन.

आम्ही वीस तारखेला येतो. भीती अजून आहेच, पण ती घेऊन काठावर बसण्यापेक्षा पोरीच्या शेजारी बसते.

आता पुढचं मनातल्या मनात वाच, घरात कुणाला ऐकवू नकोस. तुझ्या मेहुण्यांनाही मी हा आकडा कधी सांगितला नाही. काल माझं शिलाईचं दुकान बंद करून रद्दीवाल्याकडे गेले आणि त्याच्या काट्यावर चढले. चौऱ्याऐंशी. चपला काढून. बारीक होईन म्हणून कमी धरू नकोस, वाढेन म्हणून जास्त धरू नकोस. आजच्या अंगाचं आण.

तुझीच,
ताई