साहेबांच्या नावाने

९ सप्टेंबर
उद्यापासून कागद बंद! पाणी खात्याचे सगळे अर्ज, पत्रं, सह्या संगणकात. शिकवायला राजधानीतून, किटोहून, मारिबेल आली आहे. प्रत्येकाने आपापल्या नावाने आत शिरायचं. डिसेंबरात यादी निघणार, ज्याच्या नावावर काम दिसणार नाही त्याला नारळ. माझ्या पेन्शनला अजून दोन वर्षं आहेत. शिकायलाच हवं.

११ सप्टेंबर
आमचे खातेप्रमुख दाव्हालोस साहेब शिकवणीला फिरकलेच नाहीत. एवढा इंजिनिअर माणूस, टायपिंग करत बसेल? मला आत बोलावून चिठ्ठी दिली — पासवर्ड! "सोइलिता, परक्याला देतो का मी? माझ्या नावाने तुम्हीच करत जा सगळं." फार बरं वाटलं. सव्वीस वर्षांचा विश्वास आहे.

मारिबेल तडकली. "बाई, एकाचा पासवर्ड दुसऱ्याने वापरायचा नसतो!" किटोच्या पोरीला काय कळणार? आमच्या डोंगरात साहेब घराची किल्ली देतो, तेव्हा ती कुणी परत करत नाही.

३० ऑक्टोबर
आज साहेबांच्या नावाने एकशे चाळीस सह्या. माझं स्वतःचं टपालही घाईत त्यांच्याच नावाने निघतं. मारिबेलने मृतांच्या सणाची जांभळी कोलादा पाजली आणि म्हणाली, "ज्याचं नाव, त्याचंच काम दिसतं. सांगा ना साहेबांना!"
सांगा म्हणे! सव्वीस वर्षांत त्यांना नाही म्हटलेलं नाही मी.

२ डिसेंबर
किटोहून पत्र — संगणक सर्वांत उत्तम वापरणारे अधिकारी, इंजिनिअर दाव्हालोस! साहेबांनी केक कापला. पहिला तुकडा मला. "ह्यांच्यामुळेच, बरं का!" सगळे हसले. मीही.

१५ डिसेंबर
यादी लागली. सोइला पागुआय — काम शून्य.

धीर करून साहेबांकडे गेले. साहेब पेनाचं टोपण घालत-काढत राहिले. "आता खरं सांगितलं तर लोक काय म्हणतील मला? बघतो मी, सोइलिता."
बघतो म्हणजे नाही. त्यांच्या दाराशी बसून इतकी वर्षं लोकांना मीच सांगत आले — साहेब बघतील!

१६ डिसेंबर
झोप नाही. कुणाला काय सांगू?

१८ डिसेंबर
साहेब भाचीच्या लग्नाला ग्वायाकीलला गेले. दारातूनच म्हणाले, "माझ्याकडे मंजुरीला जे आलंय ते आज उरकून टाका. काही मागे ठेवू नका."

रांगेतलं तिसरं पत्र मला कामावरून कमी केल्याचं. माझं आडनाव चुकीचं लिहिलं होतं. ते दुरुस्त केलं, आणि साहेबांच्या नावाने मंजूर केलं.