मेंढ्यांचा खुराक

शहपुरा,
११ जानेवारी २०२५

चि. ऋचास आईचे आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. म्हणजे मेंढ्या ठीक आहेत, आमच्याकडे बघायला वेळ कोणाला आहे? फोनवर तू "अच्छा मम्मी, चलो" म्हणून ठेवून देतेस, म्हणून ही चिठ्ठी लाडवांच्या डब्यात घालून दयाराम गड्याबरोबर पाठवते आहे. आधी वाच, मग खा.

तुझ्या बाबांनी मला अगदी वैताग आणला आहे. रिटायर झालेली माणसं टीव्ही बघतात, हे गाभण मेंढ्यांना मक्याचा भरडा आणि सरकीची ढेप चारत बसतात. मागच्या थंडीत दयारामने शेवटच्या महिन्यात खुराक तोडला होता. म्हणे, "बच्चा बड़ा हो गया तो भेड़ मर जाएगी, साब." कोकरं झाली ती मरतुकडी, आयांना दूध नाही, बरीचशी गारठून गेली. तेव्हापासून रोज त्या बिचाऱ्याला ऐकवतात, "अरे, पोटातलं लेकरू शेवटीच तर वाढते! तेव्हाच काहून हात आखडतो?" तो मान हलवतो आणि माझ्या पोळ्या गार होतात.

परवा काळी मेंढी व्याली. जुळी! दोन्ही आपली आपण उठून दूध प्यायला लागली. ते दाखवायला मला गॅसपुढून ओढत नेलं. इकडे दूध उतू गेलं. मी इतकी भडकले की तोंडातून निघूनच गेलं, "मेंढ्यांचं बरं कळते तुम्हाला! तिकडे सासरी, कमानिया गेटला, तुमच्या पोरीला आठवा लागला. सासू म्हणते, आता कमी खा, बाळ लहान तर सुटका सोपी. अन् ती ऐकून राहिली!"

हो, सांगितलं. लग्नाला न आलेल्या माणसाला काहीच कळवायचं नाही, असं तू बजावलं होतंस. पण बाई, मी तरी किती दिवस तोंड दाबून राहू?

 त्या संध्याकाळी खुराक दयारामने घातला. सकाळी तुझे बाबा मला विचारतात, "डॉक्टर काय म्हणते? काय खाऊन राहिली ती?" मी म्हटलं, तिलाच विचारा. तर नाही! स्वयंपाकघरात घुसले, अर्धे दाणे करपवले, गूळ ओट्यावर सांडला. लाडू वेडेवाकडे आहेत. ते मी वळलेले नाहीत.

उद्या तुला बाळंतपणासाठी न्यायला येतो आहोत. सासूबाईंशी मी बोलेन. गाडी बाबा चालवतील आणि खालीच बसून राहतील, वर येणार नाहीत. तू वर रुसून बसू नकोस. तुम्हा दोघांच्या हट्टापायी मी पार कंटाळले आहे. खाली ये. हवं तर घरी पोचेपर्यंत भांडा. पण आधी त्यांच्यासमोर एक लाडू खा.

दोन हट्टी माणसांमध्ये अडकलेली,
तुझी आई