आईच्या खुर्चीचे हात

अगं, उठल्यावर खुर्ची बघून घाबरू नकोस. तिचे दोन्ही हात मीच कापलेत. तुला जाग येऊ नये म्हणून खाली जिन्यात नेऊन कापले.

काल दवाखान्यात नर्सताईंनी पाजताना पोरीला बगलेखाली धरायला शिकवलं, छातीखाली टॉवेलची गुंडाळी दिली, आणि पोरगी अशी गटागटा प्यायली की तू हसता हसता रडलीस. घरी आलो तर तेच जमेना. तू लगेच स्वतःच्या अंगाला दोष देऊन मोकळी. आज कामाची पिशवी भरताना माझ्या डोक्यात उजेड पडला. दवाखान्यात बिनहातांचा बाक होता. आपल्या खुर्चीत तू बसलीस की कडेला पोरीला जागाच उरत नाही. आणि मी सुतार असून आठवडाभर तुलाच "जरा सावरून बस" म्हणत होतो.

कडा घासल्यात, टोचणार नाहीत. उशा दोन्हीकडे लावल्यात, टॉवेल गुंडाळून ठेवलाय. मनसोक्त पसरून बस.

एक घोळ मात्र झालाय. खुर्ची आईची आहे, हे मला पहिला हात कापून झाल्यावर आठवलं. मग दुसरा ठेवून तरी काय करायचं होतं?

आई दुपारी ताईकडून परत येईल. "जाड बाईला दूध कमीच" हे तिचं पालुपद सुरू व्हायच्या आत पोट भरलेली पोरगी ढेकर काढायला तिच्या खांद्यावर दे. तिथेच झोपू दे. मग खुर्ची दिसली तरी तिला ओरडता येणार नाही.